निशिनो नानासे: आयडॉल, मॉडेल आणि अभिनेत्री. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलांमध्ये निशिनो नानासेचं नाव निघालं की दोन तट पडतात. एक म्हणतो, "ती तर आयडॉल, गाण्याच्या ग्रुपमधली." दुसरा म्हणतो, "छे, ती त्या गुंडांच्या सिनेमातली बारवाली!" दोघांचंही बरोबर आहे. तिच्याविषयी मला तेच तेच प्रश्न इतक्या वेळा विचारले गेले की शेवटी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. मी तिचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो. चाहता झालो तो मात्र सिनेमामुळे. गाणी नंतर ऐकली.

ही आहे तरी कोण? थोडक्यात सांगा.

जपानी अभिनेत्री. जन्म २५ मे १९९४, ओसाकाची. सतरा वर्षांची असताना, २०११ मध्ये, 'नोगिझाका ४६' या मुलींच्या ग्रुपमध्ये निवडली गेली. २०१५ पासून 'नॉन-नो' या फॅशन मासिकाची करारबद्ध मॉडेल झाली. २०१७ मध्ये सिनेमात पहिली मुख्य भूमिका केली आणि २०१८ च्या अखेरीस ग्रुप सोडला. २०२१ च्या एका गुन्हेगारीपटातल्या कामासाठी जपान अकादमीच्या चित्रपट पुरस्कार समारंभात तिला दोन सन्मान मिळाले.

नाव कसं उच्चारायचं? नानासे आधी की निशिनो?

जपानीत आडनाव आधी, म्हणून निशिनो नानासे. 'नानासे' लिहिताना दोन चित्राक्षरं येतात. पहिल्याचा अर्थ सात, दुसऱ्याचा अर्थ नदीतली उथळ, खळाळती जागा. चाहते तिला लाडाने 'नाआ-चान' म्हणतात.

जपानी 'आयडॉल' म्हणजे आपल्या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्यासारखं का?

नाही, आणि हा घोळ आपल्याकडे नेहमी होतो. अभिजीत सावंत २००५ मध्ये आयडॉल झाला तो आवाजाच्या जोरावर, स्पर्धा जिंकून. जपानी आयडॉलकडून तयार गळ्याची अपेक्षाच नसते. कच्ची, धडपडणारी मुलगी किंवा मुलगा लोकांसमोर येतो आणि त्याला घडताना बघण्यात चाहत्यांना रस असतो. गाणं, नाच, टीव्हीवरचे खेळ, मासिकातले फोटो, नाटक, सिनेमा असं सगळं थोडं थोडं करायचं आणि लोकांच्या डोळ्यांदेखत मोठं व्हायचं.

आपल्याकडे नट बहुतेक वेळा एकांकिका स्पर्धांमधून येतो. पुरुषोत्तम करंडक, मग प्रायोगिक, मग व्यावसायिक, मग मालिका, असा ओळखीचा रस्ता आहे. जपानमध्ये आयडॉलचा ग्रुप हाही तसाच एक रस्ता आहे. फरक एवढाच की आपल्याकडची तालीम बंद दाराआड होते आणि तिकडची लाखो लोकांसमोर. पहिलं रडणं, पहिली चूक, पहिली कौतुकाची थाप, सगळं कॅमेऱ्यात नोंदलं जातं.

'नोगिझाका ४६' हे नाव कुठून आलं? ४६ जणी आहेत का?

नोगिझाका हा तोक्योतल्या अकासाका भागातला एक चढ. जनरल नोगी यांच्या नावाचा. जवळच त्यांचं देऊळ आहे आणि वयात आलेल्या सदस्यांचा समारंभ दर जानेवारीत तिथेच होतो. ग्रुपची स्थापना २१ ऑगस्ट २०११ रोजी झाली, आणि ती 'एकेबी ४८' या त्या वेळच्या सर्वांत लोकप्रिय ग्रुपचा 'अधिकृत प्रतिस्पर्धी' म्हणून. दोन्हींचा निर्माता एकच, गीतकार अकिमोतो यासुशी. ४८ पेक्षा संख्येने कमी असलो तरी हरणार नाही, असं ते ४६ सांगतं. सदस्यांची प्रत्यक्ष संख्या वर्षानुवर्षं बदलत राहिली.

ती पहिल्यापासूनच पुढे होती का?

अजिबात नाही, आणि तिच्या कहाणीतला हा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो.

अशा ग्रुपमध्ये प्रत्येक नव्या गाण्यासाठी काही मुली निवडल्या जातात आणि त्यांच्यातली एक मधोमध उभी राहते. तिला 'सेंटर' म्हणतात. पहिल्या पाच गाण्यांत ही जागा इकोमा रिनाची होती. निशिनो बुजरी. ओसाका सोडून तोक्योत आलेली, अनोळखी माणसासमोर आवाज न फुटणारी, चटकन डोळे भरून येणारी. बडबड करून टीव्हीवर चमकणं तिला जमत नव्हतं. जमत होतं ते ऐकणं. समोरचा बोलतो तेव्हा ती खरोखर ऐकते, आणि तिच्या चेहऱ्यावर ते उमटतं.

ग्रुपच्या 'हस्तांदोलन' कार्यक्रमांत याला मोल आलं. तेव्हा सीडीबरोबर तिकीट मिळायचं, रांगेत उभं राहायचं, पाळी आली की काही सेकंद आवडत्या मुलीचा हात हातात. वेळ संपली की शेजारी उभा असलेला कर्मचारी चाहत्याला हलकेच बाजूला करायचा. या कर्मचाऱ्याला जपानीत 'सोलून काढणारा' अशा अर्थाचं नाव आहे. त्या काही सेकंदांत समोरच्या अनोळखी माणसाला 'हिने माझं ऐकलं' असं वाटायला लावणं, आणि ते दिवसभर, शेकडो वेळा करणं, ही तालीमच आहे. तिच्यासाठी लागणाऱ्या रांगा वाढत गेल्या.

एप्रिल २०१४ मध्ये आठव्या गाण्यासाठी ती पहिल्यांदा सेंटर झाली. त्या गाण्याच्या नावाचा अर्थ साधारण 'कळलं तेव्हा एकतर्फी प्रेम होतं' असा. ग्रुप सोडेपर्यंत, कधी एकटी आणि कधी दुसरीबरोबर, ती सात वेळा मधोमध उभी राहिली. तोवर ग्रुपमध्ये एवढी संधी दुसऱ्या कुणाला मिळाली नव्हती. २०१७ मध्ये शिराइशी माईबरोबर तिने सेंटर केलेल्या 'इन्फ्लुएन्सर'ला जपान रेकॉर्ड अवॉर्डचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

ग्रुप सोडण्याला 'ग्रॅज्युएशन' का म्हणतात? काढून टाकलं होतं का?

काढलं नव्हतं. आयडॉल ग्रुप हा शाळेसारखा मानला जातो. मुलगी येते, शिकते, वय वाढतं, मग तिला निरोप द्यायचा. १९८५ मध्ये टीव्हीवरून पुढे आलेल्या 'ओन्यान्को क्लब'च्या काळापासून ही भाषा रुळली.

निशिनोने २० सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या ब्लॉगवर निर्णय सांगितला. तिच्या शेवटच्या गाण्याचं नाव 'परतीची वाट लांबची घ्यावीशी वाटते' अशा अर्थाचं. त्याच सीडीत तिचं एकटीचं एक गाणं आहे, 'त्सुझुकु'. मालिकेच्या भागाशेवटी आपण 'क्रमशः' लिहितो ना, तोच हा शब्द. निरोपाच्या सीडीवर 'क्रमशः' लिहिलेलं बघून मला गलबलून आलं होतं.

वर्षाअखेरीस तिचं ग्रुपमधलं काम संपलं आणि निरोपाचा कार्यक्रम २४ फेब्रुवारी २०१९ रोजी ओसाकाच्या क्योसेरा डोममध्ये झाला. म्हणजे तिच्या माहेरगावी. बुजरेपणापायी जिचा आवाज घशातच अडकायचा, तिच्यासाठी आख्खा डोम भरून लोक हातात दिव्याच्या कांड्या घेऊन बसले होते. त्याच वर्षी जुलैत आलेल्या ग्रुपवरच्या दुसऱ्या माहितीपटात तो काळ बघायला मिळतो.

उंची १६० सेंटिमीटरच्या आत, मग मॉडेल कशी झाली?

कारण मॉडेलिंगचे प्रकार वेगळे. रॅम्पवर चालायला उंची लागते. 'नॉन-नो' हे कॉलेजच्या आणि नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलींचं मासिक. तिथे वाचकाला 'हे कपडे माझ्या अंगावर असेच दिसतील' असं वाटलं पाहिजे, आणि सर्वसाधारण जपानी मुलीची उंची निशिनोएवढीच असते. तिची उंचीच तिच्या कामाची होती.

मासिकाविषयी दोन शब्द सांगतो, कारण मला त्याचा इतिहास फार आवडतो. शुएइशा या प्रकाशनाने ते १९७१ मध्ये सुरू केलं. 'नॉन्नो' हा शब्द होक्काइदोच्या आइनू लोकांच्या भाषेतला आहे, अर्थ 'फूल'. एक वर्ष आधी 'आन-आन' निघालं होतं. ही दोन मासिकं काखोटीला मारून एकट्यादुकट्याने क्योतो, कानाझावा फिरणाऱ्या मुलींची त्या दशकात लाटच आली आणि त्यांना दोन्ही नावं जोडून 'आन-नोन जमात' म्हणू लागले. मुलींनी आपल्या पैशांनी, आपल्या मर्जीने प्रवास करणं तेव्हा नवं होतं. त्या मासिकाच्या पानांवर २०१५ पासून निशिनो दिसू लागली.

करारबद्ध मॉडेल म्हणजे स्पर्धक मासिकात मॉडेल म्हणून काम करायचं नाही. नोगिझाकाच्या मुलींनी हे दार मोठ्या प्रमाणावर उघडलं. शिराइशी माई 'रे' मासिकाकडे गेली, हाशिमोतो नानामी आणि मात्सुमुरा सायुरी 'कॅनकॅम'कडे. त्याआधी आयडॉल म्हणजे पुरुषांची आवड असा समज होता. फॅशन मासिकांमुळे मुलीही मोठ्या संख्येने या ग्रुपच्या चाहत्या झाल्या.

फोटो काढून घेण्यात अभिनयाचा काय संबंध?

माझ्या मते फार मोठा आहे. जपानी फॅशन मासिकांत एक ठरलेलं सदर असतं, 'कि-मावाशी'. मोजके कपडे घ्यायचे, दहा-बारा, आणि तेच उलटसुलट जुळवून महिनाभर रोज नवा पेहराव दाखवायचा. त्याला छोटीशी गोष्टही जोडलेली असते. पहिल्या तारखेला नायिका नव्या नोकरीवर रुजू होते, पाचव्या तारखेला गाडी चुकते, बाराव्या तारखेला एक मुलगा आवडू लागतो, विसाव्याला भांडण, तिसाव्याला समेट. प्रत्येक दिवसाला एक फोटो आणि दोन ओळी. चित्रण मात्र सलग नसतं. तारखा मागेपुढे, कपडे झटपट बदललेले. म्हणजे सकाळी दहा वाजता विसाव्या तारखेचं भांडण, लगेच त्यानंतर पाचव्या तारखेची चुकलेली गाडी. संवाद नाही, हालचाल नाही, फक्त खांदा थोडा उतरवून 'आज काहीतरी बिनसलंय' हे सांगायचं.

सिनेमाचं चित्रणही असंच तुकड्यातुकड्यांत होतं. सिनेमात निशिनो गप्प उभी असते तेव्हाही तिचा खांदा, तिची मान काहीतरी सांगत असते. हे तिला पानापानावर शिकायला मिळालं असं मी समजतो. तिच्या पहिल्या फोटोबुकचं नाव 'फुदानगी', म्हणजे रोजचे, घरात वावरायचे कपडे. ते नाव मला अगदी नेमकं वाटतं.

ग्राव्हिअर मॉडेलिंग आणि हे एकच का?

वेगळं आहे. ग्राव्हिअर हा मुळात छपाईचा प्रकार. साप्ताहिकांतली गुळगुळीत रंगीत पानं त्या पद्धतीने छापत, म्हणून त्या पानांवरच्या छायाचित्रांनाही तेच नाव पडलं. तरुणांच्या मांगा (जपानी चित्रकथा) साप्ताहिकांच्या पहिल्या पानांवर आयडॉल झळकतात ते ग्राव्हिअर. तिथे कपडे विकायचे नसतात, व्यक्ती हाच विषय असतो. बहुतेक आयडॉल दोन्ही करतात, निशिनोनेही केलं.

तिचा पहिला महत्त्वाचा सिनेमा कोणता?

'आसाहिनागु', सप्टेंबर २०१७, दिग्दर्शक हानाबुसा त्सुतोमु. कोझाकी आई यांच्या मांगावर आधारलेला. तोजिमा आसाही ही चित्रकला मंडळातली, खेळाशी काडीचा संबंध नसलेली मुलगी हायस्कूलला जाते आणि नागिनाताच्या संघात शिरते. नागिनाता म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला वक्र पातं. खेळात पातं बांबूचं असतं, पण एकूण लांबी दोन मीटरच्या वर, म्हणजे निशिनोच्या डोक्याच्या बरीच वर. डोकं, मनगट, धड यांच्याबरोबर नडगीवरही वार करता येतो, आणि केंदोपेक्षा, म्हणजे बांबूच्या तलवारींच्या जपानी खेळापेक्षा, हा खेळ तिथेच वेगळा पडतो. जपानमध्ये तो प्रामुख्याने मुलीच खेळतात.

सिनेमा म्हणून तो साधा आहे. हरणारी पोरं, कडक शिबिर, शेवटची लढत, हा साचा आपण ओळखतो. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सुरुवातीला निशिनो तो दांडा धरते तो घरातला झाडू धरावा तसा, दोन्ही हात जवळजवळ. सिनेमा पुढे जातो तसे तिचे हात दूर जातात, कंबर खाली येते, टाच जमिनीला नीट टेकते. संवाद सोडून नुसते तिचे हात बघितले तरी कथा कळते. संघातली तिची आदर्श, वरच्या वर्गातली मुलगी, शिराइशी माईने केली आहे.

टीव्हीवर तिने त्याआधीच कामं केली होती. सिनेमानंतर, २०१८ च्या सुरुवातीला आलेल्या 'देनएइ शोजो' या मालिकेत ती व्हिडिओ कॅसेटमधून बाहेर आलेली मुलगी झाली. मूळ मांगा कात्सुरा मासाकाझु यांचा. निशिनो स्वतः मांगाची आणि व्हिडिओ गेमची वेडी आहे, चित्रंही काढते. तिने काढलेलं 'दोइया-सान' हे गुबगुबीत पात्र चाहत्यांमध्ये भलतंच लाडकं आहे.

आयडॉल असल्यामुळेच भूमिका मिळतात, खरं ना?

सुरुवातीच्या मिळतात. ते नाकारण्यात अर्थ नाही.

जपानी सिनेमा बहुतेकदा 'निर्मिती समिती'च्या पैशावर निघतो. टीव्ही वाहिनी, प्रकाशक, वितरक, संगीत कंपनी, कलाकारांची एजन्सी असे सगळे थोडे थोडे पैसे घालतात. प्रत्येकाला आपला माल खपायला हवा असतो. प्रकाशकाला मांगा, संगीत कंपनीला गाणं, एजन्सीला चेहरा. मांगावरच्या सिनेमात आयडॉल दिसते ती या हिशेबातून.

पण हा हिशेब एकदोन सिनेमे पुरतो. ग्रुपचा पाठिंबा संपला की दिग्दर्शक तुम्हाला का बोलावतो, हा खरा प्रश्न. 'एकेबी ४८'ची माएदा आत्सुको २०१२ मध्ये ग्रुपमधून बाहेर पडली आणि तिला कुरोसावा कियोशीसारख्या दिग्दर्शकाने पुन्हा पुन्हा घेतलं. त्यांचा उझबेकिस्तानात चित्रित झालेला सिनेमा २०१९ च्या लोकार्नो महोत्सवाच्या सांगतेला दाखवला गेला. तो मान काही हस्तांदोलनाच्या तिकिटांवर मिळत नाही.

ही वाट जुनी आहे का?

बरीच. यामागुची मोमोए १९७३ मध्ये गायिका म्हणून आली आणि पुढच्याच वर्षी कावाबाता यासुनारींच्या कथेवरच्या 'इझू नो ओदोरिको'मध्ये नायिका झाली. समोर मिउरा तोमोकाझु. ऑक्टोबर १९८० मध्ये, कीर्तीच्या शिखरावर, तिने कायमची रजा घेतली आणि मिउराशी संसार थाटला. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कादोकावा कंपनीने पुस्तक, सिनेमा आणि गाणं एकाच वेळी बाजारात आणण्याची पद्धत बसवली. १९८१ मध्ये याकुशिमारु हिरोको शाळेच्या गणवेशात मशीनगन घेऊन पडद्यावर आली आणि शीर्षकगीतही तिनेच गायलं. १९८३ मध्ये ओबायाशी नोबुहिकोंच्या कालप्रवासाच्या सिनेमातून हाराडा तोमोयो आली.

आता जुळणी बघा. ग्रुप सोडल्यावर निशिनोला २०१९ च्या एप्रिलपासून मोठी मालिका मिळाली, 'आनाता नो बान देसु'. एका इमारतीतल्या रहिवाशांमध्ये सुरू झालेल्या खुनांच्या साखळीची रहस्यकथा, सलग सहा महिने चाललेली. त्यात नायकाबरोबर मुख्य भूमिकेत होती तीच हाराडा तोमोयो. छत्तीस वर्षांपूर्वीची आयडॉल आणि नुकती बाहेर पडलेली आयडॉल एकाच इमारतीत. निशिनोने त्यात कुरोशिमा सावा ही विद्यार्थिनी केली आहे. तिच्याविषयी याहून अधिक सांगत नाही. ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांचा हक्क आहे तो.

तिला खरंच अभिनय येतो का?

या प्रश्नाला माझं एका सिनेमाचं उत्तर आहे: 'कोरो नो ची लेव्हल २', ऑगस्ट २०२१, दिग्दर्शक शिराइशी काझुया.

काळ १९९० च्या दशकाची सुरुवात, जागा हिरोशिमा परिसरातलं एक काल्पनिक बंदर. पोलिस हियोका (मात्सुझाका तोरी) याने टोळ्यांमध्ये कसाबसा समतोल राखला आहे. तुरुंगातून उएबायाशी (सुझुकी र्योहेइ) सुटतो आणि तो समतोल रक्तात बुडतो. हियोकाने या टोळीत आपला खबऱ्या पेरला आहे, एक कोवळा पोरगा. त्याची थोरली बहीण माओ, म्हणजे निशिनो. ती एक लहानसा बार चालवते.

मोठमोठ्याने ओरडणाऱ्या पुरुषांच्या सिनेमात ती एकटी खालच्या पट्टीत बोलते. भाषा हिरोशिमाची, जी तिची नाही. ती ओसाकाची. पुण्यात वाढलेल्या नटीने मालवणी बोलावं, तेही मालवणातल्या प्रेक्षकासमोर, असा प्रकार. काउंटरमागे उभी असताना ती गिऱ्हाइकाकडे हसून बघते, पण पापणी लवते ती अर्धा क्षण उशिरा, कारण डोक्यात भावाची काळजी आहे. ज्या पोलिसावर तिचा जीव आहे त्यानेच तिच्या भावाला आगीत ढकललं आहे, हे तिला कळतं, तरी ती त्याच्यासमोर उभी राहते. राग, ओढ आणि भीती, तिन्ही एका चेहऱ्यावर, एकही वाक्य न बोलता.

या कामासाठी ४५ व्या जपान अकादमी पुरस्कारांत तिला 'उत्कृष्ट सहायक अभिनेत्री' आणि 'नवोदित कलाकार' असे दोन्ही सन्मान मिळाले. इथे एक खुलासा. या पुरस्कारांत प्रत्येक विभागातल्या निवडक कलाकारांना 'उत्कृष्ट' हा सन्मान दिला जातो आणि त्यांतून एकाला 'सर्वोत्कृष्ट'. निशिनोला पहिला मिळाला. तिला 'सर्वोत्कृष्ट' मिळाल्याचं काही जण लिहितात, ते चूक आहे.

आयडॉलना प्रेम करायला बंदी असते म्हणतात. खरं आहे?

अनेक ग्रुपमध्ये तसा लेखी किंवा अलिखित नियम असतो. मला तो अन्यायाचा वाटतो. कोवळ्या वयात मुलीच्या भावनांवर कंपनीची मालकी असणं कुठल्याही कराराने योग्य ठरत नाही. तोक्योच्या न्यायालयात याबाबत दोन उलट निकाल लागले आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये एका माजी आयडॉलला साडेसहा लाख येन भरपाई द्यायला सांगितली गेली. चारच महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली आणि प्रेमसंबंध हा माणसाच्या सुखाच्या शोधाचा भाग आहे असं मानलं. दुसरा निकाल मला पटतो.

निशिनोने मार्च २०२४ मध्ये अभिनेता यामादा युकीशी लग्न केल्याचं जाहीर केलं. ग्रुप सोडून तेव्हा पाच वर्षं झाली होती.

अलीकडे काय केलंय?

मार्च २०२३ च्या 'शिन कामेन रायडर'मध्ये, आन्नो हिदेआकींच्या दिग्दर्शनाखाली, ती गांधीलमाशीच्या रूपातली खलनायिका झाली. हातात जपानी तलवार, आणि नायिकेची एके काळची मैत्रीण. भूमिका लहान आहे, पण मैत्रिणीने आपल्याला हरवावं की मिठी मारावी हे तिलाच ठरत नाही, तो पेच लक्षात राहतो. २०२४ च्या 'कायेत्ते किता आबुनाई देका'मध्ये ती पोलिस होती.

मार्च २०२५ मध्ये 'शोनेन तो इनु' आला. मुलगा आणि कुत्रा. २०११ च्या भूकंपानंतर मालकाविना राहिलेला तामोन नावाचा कुत्रा पाच वर्षं चालत उत्तरेतून पार क्युशूपर्यंत जातो आणि वाटेत वेगवेगळ्या माणसांच्या आयुष्यात थांबतो. ताकाहाशी फुमियाबरोबर निशिनो त्यात मुख्य भूमिकेत आहे. मूळ कथेला नाओकी हा साहित्य पुरस्कार मिळालेला, दिग्दर्शक झेझे ताकाहिसा.

तिच्या कामाचा आणि पुण्याचा काही संबंध आहे का?

थेट नाही, पण एक धागा आहे आणि मला तो फार प्रिय आहे. जून २०२२ चा 'कोइ वा हिकारी' ओकायामा प्रांतात चित्रित झाला. आपल्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला सगळे 'जपानी बाग' म्हणतात, ते पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान आहे आणि तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेलं. सिनेमातलं मोकळं पाणी, रुंद आकाश, काठाकाठाने संथ चालणारी मुलं बघताना पुणेकराला अनोळखी वाटत नाही.

गोष्ट अशी: साइजो (कामिओ फुजु) या विद्यार्थ्याला प्रेमात पडलेल्या मुलीभोवती उजेड दिसतो. कितादाई, त्याची लहानपणापासूनची मैत्रीण, त्याच्यावर जीव लावून बसली आहे, पण तिच्याभोवती त्याला उजेड दिसत नाही. ती भूमिका निशिनोची. मैत्रीण म्हणून त्याला सल्ला देताना ती हसते, चेष्टा करते, आणि तो वळून निघाला की तिचा चेहरा एका श्वासापुरता मोकळा होतो. मग परत जागेवर.

मी काहीच बघितलं नाही. कुठून सुरू करू?

'कोइ वा हिकारी'पासून. रक्तपात चालत असेल तर लगेच 'कोरो नो ची लेव्हल २', मात्र त्याआधी २०१८ चा पहिला भाग बघून घ्या, नाहीतर हियोका असा का झाला ते कळणार नाही. 'आसाहिनागु' लहान मुलांबरोबर बघता येईल. मालिकेसाठी वेळ असेल तर 'आनाता नो बान देसु', पण नेटवर तिचं नाव शोधण्याच्या आधी, कारण शेवट कुणीतरी सांगून टाकतोच.

जपानी शिकत असाल तर 'कोइ वा हिकारी' दुसऱ्यांदा अनुवादाच्या ओळी बंद करून बघा. कितादाई आणि साइजो बोलतात ती मित्रमैत्रिणींची रोजची भाषा आहे, वर्गात शिकवतात त्याहून सैल आणि भराभर. पहिल्या खेपेला निम्मं निसटेल. तिसऱ्या खेपेला ती कुठे थांबते आणि बोलायचं ते गिळते, हे तुम्हाला ऐकू यायला लागेल.